खालच्या दोन गाद्या

"ताई, अंगात कुठं लोखंड आहे का?"

एमआरआय सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा प्रत्येकालाच हे विचारत होता. माझ्या आधीच्या आजींनी बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढून नातवाच्या रुमालात बांधलं होतं. मी म्हटलं, "आहे. पाठीत. दोन सळ्या, आणि त्यांना धरणारे हुक आणि स्क्रू." त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"कधीचं?"

"१९९८ सालचं."

"स्टील का टायटॅनियम?"

"स्टील."

"तसा कागद आहे का?"

कागद नव्हता. स्टील आहे हे मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलं होतं, आणि आबांनी तसली सळी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वतः हातात घेऊन पाहिली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. धातूच्या बाबतीत त्यांचा शब्द मला कुठल्याही शिक्क्यापेक्षा पक्का वाटतो, पण तो फॉर्मवर लिहिता येत नाही. शेवटी एक्स-रे काढला, रेडिऑलॉजिस्ट मॅडमना दाखवला, आणि तासाभरानं मला आत घेतलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. पाठीच्या वरच्या भागाचं चित्र धातूमुळं फिसकटलेलं, काळे-पांढरे फराटे नुसते. स्टीलजवळ एमआरआयचं चित्र असंच बिघडतं, टायटॅनियमजवळ जरा कमी. पण कमरेचा तळ दिसत होता. माझ्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि बोटानं दाखवत म्हणाले, "ही वरची गादी बसलीय बघा. खालची अजून बरी आहे."

कोल्हापुरात गादी म्हटलं की पहिल्यांदा छत्रपतींची गादी आठवते. मग तालमीतली. 'पोरगं मातीवर भारी आहे, गादीवर जरा कमी पडतंय' हे वाक्य मी लहानपणापासून आबांच्या तोंडून ऐकत आलेय. आणि तिसरी ही, दोन मणक्यांच्या मधली. पुस्तकात तिला चकती म्हणतात. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेलं कुणीच चकती म्हणत नाही. गादी सरकली, गादी दबली, गादी झिजली. शब्द नेमका आहे. वापरून वापरून बसते ती गादी.

माणसाच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. लहानपणी कण्यात आलेला बाक सरळ करायला माझ्या पाठीत छातीच्या पाचव्या मणक्यापासून कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत, म्हणजे बारा मणके, एकमेकांत जुळवून एकच हाड केलेलं आहे. त्यांच्यामधल्या अकरा गाद्या तिथंच आहेत, पण त्यांना आता काम नाही. मानेकडच्या दहा हलतात. आणि अगदी तळाला, माकडहाडाच्या वर, दोन. वाकणं, वळणं, बसणं, गाडीच्या खड्ड्यातला धक्का, कमरेखाली जे काही होतं ते सगळं गेली सत्तावीस वर्षं या दोन गाद्या सोसतायत. त्यातली एक बसली.

---

पाठीतला बाक पहिल्यांदा महाद्वार रोडच्या एका शिंप्यानं पकडला. आठवीचा गणवेश शिवायला टाकला होता. मापं घेताना तो टेप दोनदा, तीनदा फिरवत राहिला आणि आईला हळूच म्हणाला, "वहिनी, एका बाजूला अर्धा इंच जास्त सोडावं लागतंय. पोरीला एकदा दाखवून घ्या." आईनं घरी येऊन मला पंख्याखाली ओणवं केलं आणि उजव्या बाजूच्या फासळ्या उशीसारख्या वर आलेल्या बघून तिथंच खाली बसली.

ओणवं करून बघणं हीच खरी तपासणी आहे, हे तिला माहीत नव्हतं. विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं ती १८६५ साली लिहून ठेवली आणि आजही डॉक्टर पोरींना तसंच ओणवं करतात. कणा नुसता डावी-उजवीकडे वाकत नाही, तो स्वतःभोवती पिळतोही, आणि तो पीळ ओणवं झाल्यावरच दिसतो. उभ्या पोरीच्या पाठीत किती वेळा काहीच दिसत नाही.

आई पुढची कित्येक वर्षं स्वतःला दोष देत राहिली. दप्तर जड होतं, एकाच खांद्यावर घ्यायची, अभ्यासाला वाकडी बसायची, मी वेळीच टोकलं नाही. शेजारणींनीही त्यात भर घातली. आपल्या भाषेतच सरळ ते चांगलं आणि वाकडं ते वाईट. वाकडं पाऊल, वाकडी नजर, वाकड्यात शिरणं. पोरीची पाठ वाकडी म्हटल्यावर कुणाचं तरी काहीतरी चुकलं असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. आईला हे कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं, म्हणून इथं लिहिते. वयात येताना होणारा हा बाक दप्तरानं होत नाही, बसण्यानं होत नाही. घराण्यात थोडा कल असतो, एवढं दिसलेलं आहे. कारण सापडलेलं नाही, आणि त्याच्या वैद्यकीय नावातल्या 'इडिओपॅथिक' या शब्दाचा अर्थही कारण न कळलेला असाच आहे. दहा अंशांच्या वर बाक असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. दहा ते सोळा वयाच्या शंभर मुलांत दोघा-तिघांना तो असतो. लहान बाक मुलांमुलींत फारसा भेद करत नाही, पण तीस अंशांच्या पुढे गेलेले बहुतेक मुलींचेच.

माझा बाक पहिल्यांदा मोजला तेव्हा बत्तीस अंश होता. मोजायची रीत जॉन कॉब या न्यूयॉर्कच्या डॉक्टरनं १९४८ साली सांगितली. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या सर्वांत कललेल्या मणक्यांवर रेघ ओढायची आणि दोन रेघांमधला कोन घ्यायचा. डॉक्टरांनी पेन्सिलीनं त्या रेघा ओढताना आबा मागून वाकून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे मला जमंल." आणि खरंच, त्यानंतरचा प्रत्येक एक्स-रे आबांनी घरी कंपासपेटीतल्या कोनमापकानं पुन्हा मोजला. डॉक्टरांच्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात दोन-तीन अंशांचा फरक यायचा. तेवढा डॉक्टरा-डॉक्टरांतही येतो, हे मी पुढं वाचलं.

मग पट्टा. पट्टा म्हणायचा, पण तो प्लास्टिकचा चिलखतासारखा साचा होता, काखेपासून कमरेखालपर्यंत. कोल्हापूरचा एप्रिल, आतून घामोळं, वर गणवेश. शाळेत जाताना मी तो दप्तरात कोंबायचे आणि घराच्या कोपऱ्यावर पुन्हा चढवायचे. दीड वर्षात बत्तीसचे छप्पन्न झाले. ऑपरेशन ठरलं तेव्हा मला वाटलं, ही माझ्या त्या चोरीची शिक्षा.

त्या वेळी पट्ट्यानं खरोखर फरक पडतो का हे छातीठोकपणे सांगता येईल असा पुरावाच नव्हता. काही डॉक्टर पट्टा द्यायचे, काही नाही म्हणायचे. पुरावा आला २०१३ साली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं पैसे दिले आणि अमेरिका-कॅनडातल्या पंचवीस ठिकाणी मुलांना पट्टा लावून आणि न लावता पाहिलं. पट्टावाल्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक पन्नास अंशांच्या आत थांबला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पट्ट्यात उष्णता टिपणारा एक छोटा तुकडा बसवलेला होता, त्यामुळं मूल खरंच किती तास पट्टा घालतंय ते कळायचं. जितके तास जास्त, तितकं यश जास्त. हे मी वाचलं तेव्हा माझं वय तीस होतं आणि मला पुन्हा एकदा ते दप्तर आठवलं. पण दुसरंही लक्षात आलं. नुसतं लक्ष ठेवलेल्यांतही जवळजवळ निम्म्या पोरी वाचल्या होत्या, आणि पट्टा घातलेल्यांतल्या चौथाईहून जास्त नाही वाचल्या. माझं काय झालं असतं, याचं उत्तर त्या आकड्यांत नाही. तरी त्या रात्री मला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं. एका चांगल्या अभ्यासात माणसाच्या छातीवरचं ओझं एवढं हलकं करण्याची ताकद असते.

---

ऑपरेशन मुंबईला झालं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आम्ही निघालो तेव्हा स्टेशनवर आबांच्या तालमीतले सहाजण पिशव्या घेऊन उभे. रक्त लागणार होतं. वस्ताद आबांना म्हणाले, "बाटल्यांचं आमच्यावर सोड." खुराक खाऊन वाढलेली ती माणसं एका ओळीत झोपून रक्त देत होती असं आई सांगते. माझ्या अंगात तालमीचं रक्त आहे हे मी आजही खरं मानते.

ऑपरेशनच्या मध्यावर मला अर्धवट जागं करून 'पाय हलव' म्हणणार आहेत, हे आदल्या दिवशी सांगितलं होतं. कणा सरळ करताना मज्जारज्जूला ताण बसला तर पाय जाऊ शकतात, म्हणून तेव्हा ही खात्री अशी करून घ्यायचे. मला त्यातलं काही आठवत नाही. पण आदल्या रात्री मी पांघरुणात पायाची बोटं शंभर वेळा हलवून सराव केला होता, तो आठवतो.

पाठ नाही, पण कंबर दुखायची, महिनोनमहिने. तिथल्या हाडाचे तुकडे काढून मणक्यांवर पसरले होते. हे लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. सळ्या पाठ सरळ ठेवतात ते फक्त काही महिने. खरं काम त्या हाडाच्या चुऱ्याचं. तो रुजतो, मणक्यांना एकमेकांत बांधतो, आणि मग सळ्या नुसत्या आत राहतात. हाड जुळलंच नाही तर सळी कितीही चांगली असो, वाकून वाकून एक दिवस तुटते. आबांना हे पहिल्या झटक्यात समजलं होतं. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज यांनी क्षयाच्या पाठीवर मणके असे जुळवायला सुरुवात केली तेव्हा धातू नव्हताच, नुसतं हाड आणि महिनोनमहिने प्लास्टर. धातूची सळी ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी आणली, पोलिओनं पाठ वाकलेल्या मुलांसाठी, आणि १९६२ साली तिचा अहवाल छापला. ती सळी कणा वर-खाली ताणायची. बाक सुटायचा, पण कंबर सपाट व्हायची. कमरेला जी आत जाणारी खोलगट जागा असते ना, ती नसेल तर उभा माणूस पुढं झुकतो, आणि वय वाढलं की त्याला उभं राहणंच जड जातं. हे त्या पिढीच्या बायकांच्या पाठींनी वीसेक वर्षांनी दाखवून दिलं, मग पुढच्या सळ्यांना बाक द्यायला लागले.

माझे छप्पन्नचे बावीस झाले. उंची दोन बोटं वाढली. आईनं पंख्याखाली ओणवं केलं नाही, पण आरशापुढं उभं करून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि हात एका रेषेत आहेत का ते पाहत राहिली.

घरी आल्यावर आबांनी एक्स-रे खिडकीला चिकटवला. बराच वेळ बघून शेवटच्या स्क्रूच्या खाली बोट ठेवलं. "इथं," म्हणाले. मी विचारलं, "इथं काय?" त्यांनी मला दुकानात नेलं आणि मोडून आलेला एक शाफ्ट दाखवला. जाड शाफ्ट जिथं एकदम बारीक होतो त्या पायरीवर तुटला होता. "मोडतं ते जाड भागात नाही, बारीक भागाच्या मधेही नाही. जिथं जाडाचं बारीक होतंय तिथं. म्हणून त्या कोपऱ्याला आम्ही गोलाई देतो. तुझ्या पाठीला गोलाई कोण देणार?"

मी तेव्हा पंधरा वर्षांची. मला वाटलं, आबा उगीच घाबरवतायत. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, सगळं मस्त झालंय, विसरून जा.

---

विसरले. लग्न झालं, मुलगी झाली, तेरा-चौदा वर्षं मी पाठीचा विचारही केला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण ऑपरेशन ठरलेल्या पोरीची आई हे वाचत असेल तर तिला कळावं. माझ्या पाठीनं मला चांगलं आयुष्य दिलं.

पण आबांचं बोट जिथं होतं, तीच गादी बसली.

गादी ही फार वेगळी वस्तू आहे. आत जेलीसारखा गर, लहानपणी त्यात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी. त्या गराला पाणी धरून ठेवायची ओढ असते, रात्री भिजत घातलेला डिंक सकाळी फुगतो तशी. भोवती धाग्यांचे पंधरा-वीस थर, एका थरातले धागे एका बाजूला तिरके, पुढच्या थरातले उलट्या बाजूला. दिवसभर आपल्या वजनानं गादी थोडं पाणी सोडते आणि रात्री आडवं झाल्यावर परत ओढून घेते. म्हणून आपण सगळेच सकाळी जरा उंच आणि संध्याकाळी जरा ठेंगणे असतो, साधारण एखाद-दोन सेंटिमीटर.

आणि तिला रक्तपुरवठा नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला हा सर्वांत मोठा भाग. अन्न येतं ते वरच्या-खालच्या मणक्यातून, मधल्या पातळ कूर्चेच्या पडद्यातून झिरपत. हे झिरपणं जिवंत माणसात पहिल्यांदा नीट पाहिलं ते आपल्याच देशात. कोईम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी शिरेतून एमआरआयमध्ये उठून दिसणारं औषध देऊन दिवसभर, चोवीस तासांपर्यंत, पुन्हा पुन्हा एमआरआय काढले. मणक्यात औषध काही मिनिटांत भरतं. गादीच्या पोटात पोचायला सहाएक तास लागतात. आणि तो पडदा बिघडला की झिरपण्याचा सगळा नमुनाच बदलतो. २००४ साली या कामाला कंबरेच्या संशोधनातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला या अभ्यासाचं फार अप्रूप आहे. थोडं औषध, एक मशीन आणि चोवीस तास वाट बघायची तयारी. दुखणाऱ्या गादीची भूक कुणीतरी घड्याळ लावून मोजली.

जुळवलेल्या बारा मणक्यांच्या खालची गादी का बसते? आबांचं शाफ्टचं गणित हे एक उत्तर. वरचा भाग हलत नाही, म्हणून सगळं हलणं खालच्यांवर येतं. पण ते पूर्ण उत्तर नाही, आणि यावर शल्यविशारदांतच वाद आहे. फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या पाठींचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. एक भाऊ जड कामाचा, दुसरा बैठ्या कामाचा, तरी गाद्या एकमेकांसारख्याच झिजलेल्या. आईवडिलांकडून आलेलं देणं ओझ्यापेक्षा मोठं निघालं. माझ्या आईचीही कमरेची गादी बसलेली आहे, आणि तिच्या पाठीत एकही स्क्रू नाही. तेव्हा माझी झीज ऑपरेशनमुळं किती, वयामुळं किती, आणि आईकडून आलेली किती? कुठल्या पातळीपर्यंत जुळवलं तर खालच्या गाद्या टिकतात? चौथ्या मणक्याऐवजी माझं तिसऱ्यावर थांबवलं असतं तर तीन गाद्या मोकळ्या राहिल्या असत्या, पण बाक पुरता सुटला असता का?

हे ज्याला कळेल तो माझी पाठ वीस-पंचवीस वर्षं बघणारा माणूस असायला हवा. तो कुणी नाही. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलला मी गेल्या वर्षी फाइलसाठी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, इतकी जुनी कागदपत्रं नष्ट केलेली आहेत. माझ्याकडचे एक्स-रे आईनं पोटमाळ्यावर जपून ठेवले होते, पण कोल्हापूरच्या सत्तावीस पावसाळ्यांनी ते एकमेकांना चिकटले. सोडवताना चित्र फिल्मवरून उतरून आलं.

त्या उत्तरानंतर मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. ऑपरेशनचा निकाल मासिकात छापायचा तर बहुधा दोन वर्षांची नोंद पुरेशी धरतात. संशोधनाचं अनुदानही दोन-तीन वर्षांचं. पंधराव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या पोरीची दोन वर्षांनंतरची पाठ म्हणजे सतरा वर्षांची पाठ, ती उत्तमच असणार. पैसा सळीच्या नव्या आकाराला मिळतो, नव्या स्क्रूला मिळतो, कारण ते विकता येतं. एका बाईला तीस वर्षं दर पाच वर्षांनी पत्र पाठवून 'बाई, कशी आहे पाठ?' विचारण्यात विकण्यासारखं काही नसतं. त्याला पैसे लागतात ते टपालाचे, एका कारकुनाचे, आणि पहिला डॉक्टर निवृत्त झाल्यावर दुसऱ्यानं वही उघडी ठेवण्याचे.

जिथं हे झालंय तिथं ते किती मोलाचं ठरलं! आयोवाच्या विद्यापीठात १९३२ ते १९४८ या काळात तपासलेल्या, उपचारच न झालेल्या ११७ जणांना पन्नास वर्षांनंतर शोधून काढलं. त्यांची पाठ जास्त दुखत होती, पण त्यांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, म्हातारे झाले. बाक असलेल्या प्रत्येक मुलीला मरणाची भीती घालायची गरज नाही, हे त्या वह्यांनी सांगितलं. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला १९६८ ते १९७७ दरम्यान ऑपरेशन किंवा पट्टा झालेल्यांना वीसहून अधिक वर्षांनी परत बोलावलं. बहुतेक सगळ्या आल्या. त्यांच्या गाद्या त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त झिजलेल्या होत्या, पण रोजच्या जगण्यात त्या फार मागं नव्हत्या. माझ्या बसलेल्या गादीचा रिपोर्ट हातात घेऊन मी हे वाचलं तेव्हा रडले. माझ्यासारख्या बायका. कुणीतरी त्यांना विचारलं होतं.

आपल्याकडे होणार नाही असं कुणी म्हणू नये. चेन्नईला क्षयानं मणके खराब झालेल्या मुलांवर उपचारांची चाचणी झाली होती, त्यातल्या ६१ मुलांकडे पंधरा वर्षं लक्ष ठेवलं. त्यातून कळलं की क्षय बरा झाल्यावरही काही मुलांचं कुबड वाढ संपेपर्यंत वाढतच राहतं, आणि कुणाचं वाढणार हे एक्स-रेवरच्या काही खुणांवरून आधी ओळखता येतं. मणक्याचा क्षय आपला रोग, म्हणून तो अभ्यास आपण केला. आता बाकाची ऑपरेशनं आपल्याही शहरांत होतात. त्या पोरींच्या वह्या आज उघडायला हव्यात.

आणि आपल्या वह्यांत प्रश्न आपले हवेत. कमरेच्या दुखण्यावर जगभर वापरतात ती ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली १९८० सालची, इंग्लंडातली. त्यात बसण्याबद्दल विचारलंय ते खुर्चीत किती वेळ बसता असं. मला खुर्चीत काही त्रास नाही. माझा दिवस जमिनीवर जातो. मांडी घालून भाकरी थापणं, ओणवं होऊन अंगणात सडा-रांगोळी, लग्नात पंगतीला बसणं. पाडव्याला सासरच्या घरी एकोणीस माणसांच्या पाया पडले, मोजून. कण्याचा बराचसा भाग सळईसारखा असलेली बाई पाया पडते तेव्हा वाकतात ती खुबे आणि खालच्या दोन गाद्या. त्या गाद्यांवर तेव्हा किती दाब येतो? उकिडवं बसणं त्यांना मारतं की उलट खुबे लवचिक ठेवून त्यांना वाचवतं? माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे, पण अंदाजावर पोरींच्या पाठी सोडता येत नाहीत. याला पैसे द्यावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एखाद्या पोरीचं ऑपरेशन झालं तर ती मोळी उचलू शकेल का, याला द्यावेत.

भागवतात कुब्जेची गोष्ट आहे. मथुरेच्या रस्त्यात चंदनाची उटी घेऊन निघालेली, तीन ठिकाणी वाकलेली. कृष्णानं तिच्या पावलांवर आपली पावलं दाबली, हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि वर उचललं. ती सरळ झाली. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मी आईच्या मांडीवर असायचे, आणि पुढं ऑपरेशन ठरल्यावर आई हीच सांगायची. कृष्ण नंतर तिच्या घरीही गेला असं भागवत सांगतं. पण तिच्या पाठीचं पुढं काय झालं? पाणी भरताना दुखायची का? हे मला आता फार विचारावंसं वाटतं.

---

माझी मुलगी यंदा बाराची झाली. दर तीन महिन्यांनी मी तिला पंख्याखाली ओणवं करते. डॉक्टरांकडं पाठीची पातळी मोजायचं छोटं साधन असतं, आत नळीत गोळी. आमच्याकडं आबांच्या दुकानातली लेव्हल आहे, आत बुडबुडा. ती मी तिच्या पाठीवर आडवी ठेवून वरून खाली नेते. ती गुदगुल्यांनी हसते, बुडबुडा हलतो, आणि मग "हलू नको गं" म्हणत मी श्वास धरून बसते.

गेल्या महिन्यापासून आणखी एक सुरू केलंय. आबांची कामाच्या ऑर्डरींची लांब वही होती, मागची साठेक पानं कोरी. त्यात रकाने आखले. तारीख, सकाळची उंची, रात्रीची उंची, दुखणं किती, किती वेळा वाकले. उंची दाराच्या चौकटीला स्टीलची पट्टी लावून आबाच घेतात. वय सत्याहत्तर, हात थोडा थरथरतो, पण अर्धा मिलिमीटर सोडत नाहीत. मुलगी दिवसाला पंधरा मिलिमीटर कमी-जास्त होते. मी पाच, फार तर सहा. परवा पट्टी खाली ठेवत आबा म्हणाले, "तेवढं तरी होतंय म्हणजे खालच्या दोघी पाणी पितायत अजून." आणि चष्मा सारखा करून त्यांनी पाचाचा आकडा रकान्यात लिहिला.